बन्सीला पूर्वी काय काय येत होतं

छत्रपती संभाजीनगर
१२ जून २०२५

प्रिय नलू,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मनकर्णाबाईंच्या सुनेकडून लिहून घेतला आहे. तिने 'नाशिक'चा ना फार मोठा काढला, पण पोचेल.

फोन तू ब्लॉक केलास. व्हॉट्सअॅपवर माझ्या 'शुभ सकाळ'पुढे तुझ्या सोनियाच्या लग्नापासून एकच बारीक खूण येते. पत्र मात्र अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या की पत्राच्या पहिल्या परिच्छेदात कामाचं लिहावं. माझे दोन परिच्छेद झाले आणि काम तसंच राहिलं. आता लिहिते.

आपला बन्सी बरा नाही.

ताप नाही, खोकला नाही. नुसता बसून असतो. ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसतो, भिंतीकडे तोंड. ताटातलं अर्धं तसंच टाकतो; पुरणपोळीसुद्धा टाकली, तेव्हा मी घाबरले. पहाटे उठून अंधारात पलंगावर बसलेला असतो. मिक्सर लावला की ओरडतो. आंघोळ कर म्हटलं की म्हणतो, "नाय." नलू, आपल्या बन्सीने जन्मात कुणाला नाय म्हटलं होतं का?

मनकर्णाबाई म्हणाल्या, "अशा मुलांचं असंच असतं ओ ताई. वय वाढलं की वाढतं." हा 'मुलगा' म्हणजे आपला भाऊ अठ्ठेचाळीसचा आहे आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

मग उस्मानपुऱ्यात मनोविकारांचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवलं. वयस्कर, सोज्वळ माणूस. त्यांनी बन्सीला आजची तारीख विचारली. बन्सी म्हणाला, "व्हय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, यांना पूर्वी काय काय येत होतं?"

काय सुंदर प्रश्न आहे बघ! इतक्या वर्षांत मला हा कुणी विचारलाच नव्हता. सगळे विचारतात ते याला काय येत नाही, आणि विचारून झालं की चेहऱ्यावर ती दया पसरते, सांडलेल्या दुधासारखी. मी सांगितलं. पेपर वाचतो. घड्याळ कळतं. पैठणला एकटा एसटीने जाऊन आलाय. चहा करतो. मंगलाष्टकं पाठ आहेत. हबीबभाईंची पिठाची गिरणी तर जवळजवळ तोच चालवतो. डॉक्टरांना दुसरा कागद घ्यावा लागला.

जाताना ते म्हणाले, यांना लहानपणापासून ओळखणारं घरातलं आणखी कुणी आहे का? मी तुझं नाव दिलं. कधी फोन आला तर मी सांगितलं तेच सांग, एवढीच विनंती. विशेषतः पेपरचं.

मंगलाष्टकांचा उल्लेख वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. त्याबद्दल मी इतकंच म्हणेन की माइक बन्सीने मागितला नव्हता, मी दिला होता, आणि सोनियाच्या सासरची माणसं दुसऱ्याच अष्टकाला त्याचं "झालं, जेवायला चला" ऐकून उठली, यात त्यांचीही भूक होतीच.

तुझी,
ताई


२४ जून

प्रिय नलू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "मी खोटं बोलणार नाही. बन्सीला काय होतंय?" पहिली ओळ मी एकदा वाचली. दुसरी बऱ्याच वेळा.

डॉक्टरांना स्मृतिभ्रंशाची शंका आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना तो कधीकधी पन्नाशीच्या आतच गाठतो म्हणे. त्यांनी मला कागदावर एक रेघ काढून दाखवली. इथं उंचावर पूर्वीचा बन्सी, पेपर वाचणारा, एकटा प्रवास करणारा. इथं खाली आत्ताचा, सदऱ्याची गुंडी चुकणारा. "एवढी उतरण, तीही इतक्या थोड्या दिवसांत, म्हणजे काळजीच आहे," असं म्हणाले. खात्रीने सांगत नाही म्हणाले, सविस्तर तपासणी करू. पण तसंच निघालं, तर तो हळूहळू जिना विसरेल, मग घास गिळायला विसरेल, मग मला. आणि गेलेलं परत येत नाही.

रिक्षात बसल्यावर बन्सीने माझा पदर धरला होता आणि माझ्या डोळ्यांपुढे ती रेघ होती. नलू, रेघेचं खालचं टोक डॉक्टरांनी काढलं होतं. वरचं मी.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, कबूल. पण ते मला दारापर्यंत सोडायला आले होते आणि म्हणाले होते, "तुम्ही यांच्यावर फार मेहनत घेतलीत, ताई." अशा माणसाला कसं सांगायचं?

तर सविस्तर तपासणी करते ती एक मुलगी आहे, महेजबीन. लासूर स्टेशनची आहे, वडिलांचं अडतीचं दुकान आहे तिथं. मानसशास्त्र शिकली आहे आणि बन्सीसारख्या मोठ्या माणसांचीच तपासणी करते. आधी तिने त्याचे कान, डोळे, दात आणि रक्त तपासून आणायला लावलं. दाताचं दुखणं सांगता आलं नाही तरी माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो म्हणे. कानातून जे निघालं ते तुला लिहीत नाही. बाकी सगळं ठीक.

मग बन्सीशी बोलली. "तुम्हाला वाईट वाटतं?" "व्हय." "भूक लागते?" "व्हय." "भीती वाटते?" "व्हय." तिने पेन खाली ठेवलं आणि त्याच सुरात विचारलं, "तुम्हाला शेपूट आहे?"

"व्हय," बन्सी म्हणाला.

"लांब आहे?"

"लई."

ती हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, ते पाहुण्याचं मन मोडत नाहीत. असं विचारून काही कळायचं नाही."

मग माझी पाळी आली. पेपर कसा वाचतात? मी म्हटलं, मन लावून. कुठलं पान? मला श्रद्धांजलीचं पान सांगावं लागलं. त्यातल्या एकेका फोटोला तो हात जोडतो, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "मावशी, याला वाचणं म्हणायचं?" मी म्हटलं, "त्याच्या परीनं." "आणि अक्षरं?" मी पर्समध्ये चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यावरच होता.

पोरगी चतुर आहे. तिने पुढचं विचारलंच नाही. "नाशिकच्या मावशींचा नंबर द्या," एवढंच म्हणाली.

तेव्हा तुला फोन येईल. काय सांगायचं ते मी सांगणार नाही. तुझं तू ठरव. फक्त पेपरच्या बाबतीत जरा... जाऊ दे.

ताई


६ जुलै

प्रिय नलू,

फोन स्पीकरवर होता हे तुला आधी सांगायला हवं होतं, असं तू नंतर महेजबीनला म्हणालीस. सांगितलं असतं तर तू वेगळं बोलली असतीस का? नाहीच. लहानपणापासून तुझं तसंच.

मी मात्र त्या खुर्चीत कशी बसले होते ते मलाच माहीत. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा प्रगतिपुस्तक सगळ्या वर्गासमोर वाचायच्या, तशी.

"घड्याळ?" महेजबीनने विचारलं.

"मालिका सुरू झाली की सात वाजले, एवढं कळतं," तू म्हणालीस. "लाइट गेली की नाही कळत."

"चहा?"

"भांड्यात सगळं घालतो. साखर जास्तच घालतो. गॅस ताई पेटवते, उतरवते ताई, गाळतेही ताई."

"पैठणला एकटे गेले होते?"

तिथं तू एवढ्या जोरात हसलीस की फोन टेबलावर थरथरला. "अहो, एसटीत तो एकटा होता, खरं आहे. पण एसटीच्या मागे स्कूटरवर आमचे वडील होते, अण्णा! चितेगावपर्यंत धूळ खात. पुढे बसने वेग घेतला आणि अण्णांची स्कूटर बंद पडली, तेव्हा कंडक्टरने याला पैठणला उतरवून, उसाचा रस पाजून, परतीच्या गाडीत बसवून दिलं."

उसाचा रस मला माहीत नव्हता. अण्णांनी तो कधी सांगितला नाही. पण नलू, तेव्हाची आठवण आली की अजून जीव कालवतो. अण्णा धुळीने पांढरेफटक होऊन दारात उभे, आई रडते आहे आणि हा परत आल्यावर काय म्हणाला? "पुन्हा." तू त्या वर्षी दहावीला होतीस. घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही आणि सगळे हसत होते.

"मंगलाष्टकं?"

तू म्हणालीस, "एक ओळ येते. नको तेव्हा येते."

आणि तेवढ्यात इतका वेळ खिडकीच्या गजाला टेकून उभा असलेला बन्सी फोनजवळ आला, वाकला आणि म्हणाला, "नलूताई, जेवायला चला."

होळीनंतर पहिल्यांदा तो हसला. तूही हसलीस. नंतर खोकला काढलास, पण आधी हसलीस. स्पीकरवर होतं सगळं.

महेजबीनने मग जुना कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. म्हणाली, "म्हणजे हे एवढ्या उंचावर कधी नव्हतेच. मग पडले कुठून?" मला लाज वाटायला हवी होती, पण मला नुसतं हलकं वाटलं. तिने विचारलं, यांच्या आयुष्यातलं काही गेलंय का एवढ्यात? कुणी वारलं, कुणी दूर गेलं? मी म्हटलं, नाही. आमच्याकडे कुणीच उरलं नाही जायला.

तेव्हा तू फोनवरून विचारलंस, "बन्सी, आज गिरणीत कुणाचे डबे होते रे?"

"नाय जात," तो म्हणाला. "मशीन आलंय."

मी घाईघाईने म्हटलं, अगं तो कंटाळला गिरणीला, मार्चपासून जातच नाही, मीही म्हटलं असू दे, वय झालं. आणि तू ओरडलीस, "ताई, त्याची नोकरी गेली आणि तू मला पेपरचं काय सांगत बसलीस?"

त्यानंतर तू फोन ठेवलास ते बरं केलंस.

महेजबीनला गिरणीतल्या रांगेचं मी समजावून सांगितलं. बायका सकाळी डबे ठेवून जातात, गहू, ज्वारी, बाजरी. कुणाचा डबा कुणाच्या मागे, ते बन्सी बघतो. मध्ये कुणी सरकवला की उचलून शेवटी नेतो. नगरसेवकांच्या मंडळींचाही नेला होता. पगार म्हणजे दुपारचा चहा आणि हबीबभाईंच्या शेजारची पत्र्याची खुर्ची. मी लोकांना सांगायची की तो गिरणी चालवतो, आणि तो खरंच काय करतो हे सांगण्यासारखं मला कधी वाटलंच नाही.

तिथूनच आम्ही सगळे गिरणीवर गेलो, महेजबीनसुद्धा. हबीबभाईंचे गुडघे गेलेत, आता नातू याह्या बसतो. भिंतीवर लाल आकड्यांचं यंत्र लावलंय. डबा ठेवला की चिठ्ठी मिळते, आकडा पेटला की घंटी वाजते. रांग नाहीच.

"खाला, मी तर त्यांच्या भल्यासाठी केलं," याह्या मला म्हणाला. "म्हटलं मामू थकले असतील, दिवसभर उभे. म्हटलं, मामू, अब आराम करो."

आतल्या बाजेवरून हबीबभाई ओरडले, "अरे, मला नाय आराम दिला कधी! त्यांनाच बरा दिला! पूछा था क्या उनको?"

"दादा, मशीन लावायला कुणाला विचारायचं?"

"ज्याची जागा घेतली, त्याला!"

पोराचे डोळे भरले. बन्सीला म्हणाला, "मामू, उद्यापासून या." आणि बन्सी काय म्हणाला असेल? "नाय."

मला वाटलं होतं की तिथल्या तिथे सगळं जागेवर येईल. महेजबीन म्हणाली, असं होत नसतं. तिचं आणि डॉक्टरांचं बोलणं झालं. हे नैराश्य दिसतंय, असं दोघांचं मत. बोलून दाखवता येत नाही त्यांच्यात ते असंच दिसतं: खाणं, झोप, चिडणं, भिंत. एक लहान गोळी दिलीय, आणि रोज गिरणीच्या दिशेने थोडं चालायचं, जमेल तेवढंच. पण स्मृतिभ्रंशाची शंका अजून पुसलेली नाही. तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले. दोन्ही एकदम असू शकतं म्हणे.

तेव्हा अजून घाबरलेलीच आहे,
ताई


१४ ऑक्टोबर

प्रिय नलू,

दर रविवारी तू फोन करतेस, बन्सीशी बोलतेस, आणि त्याने फोन माझ्याकडे दिला की तुझ्या घरी नेमकं दूध उतू जातं. नाशिकला फार दूध आहे. म्हणून पुन्हा पत्र.

तो गिरणीत जातो. पहिले पंधरा दिवस कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन परत यायचा. मग समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघायचा. एक दिवस कुणा बाईने आपला डबा दुसरीच्या डब्यावर ठेवला. ते त्याला बघवलं नाही. रस्ता ओलांडून गेला, डबा उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला. डबा मनकर्णाबाईंचा होता.

"ओ बन्सीभाऊ, माझा नंबर आलाय ना! चिठ्ठी बघा की! तेवीस!"

"रांग," बन्सी म्हणाला.

"अवं, मशीन काय म्हणतंय ते बघा!"

बन्सीने मशीनकडे बघितलं, हात वर करून बटण दाबलं आणि घंटी वाजवली. बहुतेक तिला गप्प करायला. याह्या सांगतो की तेव्हापासून आकडे कुणी बघत नाही. मामूंना वाटलं की मामू घंटी वाजवतात, आणि भांडण असेल तर दोनदा. मनकर्णाबाई आता दळण आपल्या मुकुंदवाडीच्या दुसऱ्या टोकाला नेतात आणि मला म्हणतात, तुमचा भाऊ लई माजलाय. असं त्याच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. मी त्यांना दिवाळीची मिठाई आधीच देऊन टाकली.

जेवतो. पहाटे झोपलेला असतो. पुरणपोळीचं विचारू नकोस. एखाददुसरा दिवस अजून भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि मी तो दिवस महेजबीनला सांगते. काही वाढवून सांगत नाही. काही झाकतही नाही. सांगताना जीभ अडखळते, पण सांगते.

मागच्या आठवड्यात तीन महिन्यांची तपासणी होती. या वेळी महेजबीन म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर बसा." मी म्हटलं, अगं, त्याला बोलता येत नाही नीट, मी नसले तर तुला कळणार कसं? ती म्हणाली, "आता आमची ओळख झालीय. तुम्ही चहा घ्या."

नलू, मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दाराबाहेर बसले. आतून आवाज येत होता. तिचा कमी, त्याचा जास्त. त्याचा! मध्ये एकदा तो रडला असावा. मी उठले, कडीला हात लावला आणि परत बसले. मग दोघं मोठ्याने हसले.

बाहेर आल्यावर मी महेजबीनला विचारलं, "काय म्हणाला?"

"ते त्यांनी मला सांगितलंय, मावशी."

"हो, पण काय?"

"तुम्हाला सांगू का म्हणून मी विचारलं. नाय म्हणाले."

रिक्षात मी त्याला विचारलं. "नाय सांगायचं." रात्री जेवताना विचारलं. दुसऱ्या दिवशी जिलेबी आणली. ती खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, "नाय सांगायचं." मी रुसून बसले तर माझ्या शेजारी येऊन बसला, पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, महेजबीनने मला सगळं सांगितलंय. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला सिस्टर बेनेडिक्टाच आठवल्या.

काल उस्मानपुऱ्याच्या डॉक्टरांकडे गेले. महेजबीनचा अहवाल त्यांच्यापुढे होता. तरी त्यांनी मला विचारलं, "ताई, एखादी गोष्ट यांच्या लक्षात राहते का? म्हणजे आज सांगितलेली, दोनचार दिवसांनी? मागच्या वेळेसारखं नको, अगदी खरं सांगा."

मी म्हटलं, "डॉक्टर, गेला आठवडाभर मी याच्याकडून एक गोष्ट काढून घ्यायचा प्रयत्न करतेय. लाडीगोडी झाली, खोटं बोलून झालं, जिलेबी तर दोनदा झाली. त्याच्या पक्कं लक्षात आहे की मला सांगायची नाही."

डॉक्टर एवढे हसले की बन्सी उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला. मग त्यांनी जूनमधला तो रेघेचा कागद काढला, माझ्याकडे बघितलं आणि चार तुकडे करून टाकले. गोळी चालू ठेवायची आहे. वर्षातून एकदा दाखवत राहायचं, कारण तो आजार पुढे कधी येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. पण आत्ता तो नाही.

दिवाळीला ये. तुझी माझी बोलचाल नको असेल तर नको, बन्सीशी बोल. आणि जमलं तर त्याला विचारून बघ, आत काय बोलला ते. तू त्याची लाडकी आहेस, तुला सांगेलही.

सांगितलंच, तर मला कळवू नकोस. म्हणजे, लगेच नको.

तुझी,
ताई